केद्रोस ते ग्लारी, पाच मिनिटं

केद्रोसहून ग्लारीला विमानाने जायला पाच मिनिटं लागतात. वेळापत्रकात पंधरा लिहिलेली असतात, पण त्यात चाकं हलल्यापासून थांबेपर्यंतचं सगळं आलं. नुसतं हवेत म्हणाल तर पाच, आणि वारा पाठीशी असला तर साडेचार. दोन बेटांमधलं अंतर तेवीस किलोमीटर. पट्टे बांधा म्हणून सांगून हवाईसुंदरी आपल्या खुर्चीत टेकते न टेकते तोच विमान उतरायला लागतं. उन्हाळ्यात अथेन्सचे पाहुणे निव्वळ हौस म्हणून हे तिकीट काढतात, एकमेकांचे फोटो घेतात आणि त्याच विमानाने पुढे क्रीटला जातात.

निकितास व्रोंदिसला त्यात हौस वाटावी असं काही नव्हतं. ग्लारीच्या विमानतळावर तो एकोणीस वर्षं नोकरीला होता. विमानतळ म्हणजे एक बैठी पांढरी इमारत, तिच्या डोक्यावर काचेची खोली, आणि समोर जेमतेम किलोमीटरभर धावपट्टी. पट्टीच्या एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला बोडका डोंगर. काचेच्या खोलीत बसायचं आणि येणाऱ्या विमानाला वारा सांगायचा, हे निकितासचं काम. वारा कुठून आहे, किती आहे, झोत केवढे आहेत, पट्टीवर शेळ्या चढल्यात का. उतरायचं की नाही हे वैमानिकाने ठरवायचं, पण ठरवायचं ते निकितासच्या शब्दावर. आडवा वारा पंचवीस नॉटच्या वर गेला की उतरायचं नाही, असा त्या विमानाचा नियम होता.

त्याची बायको सेवास्ती सोळा महिन्यांपासून केद्रोसला राहत होती. तिची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती आणि रक्त शुद्ध करायचं यंत्र केद्रोसच्या इस्पितळात होतं. ग्लारीला नुसता दवाखाना. सोमवार, बुधवार, शुक्रवार, चार-चार तास यंत्राला जोडून घ्यायचं. इस्पितळाच्या मागच्या गल्लीत एव्दोक्सिया नावाच्या म्हातारीच्या घरी तिने एक खोली भाड्याने घेतली होती.

निकितास तिच्याबरोबर गेला नाही, कारण घरी सेवास्तीची आई होती. काल्लिरोई तिचं नाव. वय एकोणनव्वद, दोन्ही डोळे गेलेले, खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणाला खिळलेली. तिला केद्रोसला न्यायचा विषय एकदा निघाला होता. तेव्हा ती म्हणाली, "न्या की. पण पेटीतूनच न्या, म्हणजे दोनदा त्रास नको." त्यावर कोण काय बोलणार. मग लेकीने आजार घेऊन तिकडे राहायचं आणि जावयाने सासूला घेऊन इकडे, असं ठरून गेलं. मूलबाळ त्यांना नव्हतं.

सुरुवातीला वाटलं होतं की जमेल. शुक्रवारी दुपारी यंत्रावरून सुटायचं, संध्याकाळच्या विमानाने घरी यायचं, रविवारी परत जायचं. पाच मिनिटांचं तर अंतर. तशी ती चारदा आली. पाचव्या वेळी आली ती नोव्हेंबरात, आणि रविवारी वारा उठला. विमान रद्द. मंगळवारचंही रद्द. बोट ग्लारीच्या धक्क्याला लागूच शकली नाही. बुधवारी तिच्या पायावर बोट दाबलं तर खळगा पडून राहायला लागला, रात्री तिला आडवं होता येईना, छातीत पाणी साचलं. शेवटी सैन्याचं हेलिकॉप्टर येऊन तिला घेऊन गेलं. त्यानंतर केद्रोसच्या डॉक्टरीणबाईंनी निक्षून सांगितलं की हवामान पक्कं असल्याशिवाय जायचं नाही. आणि त्या समुद्रात हिवाळ्यात हवामान पक्कं कधीच नसतं. तिने तीनदा पिशवी भरली, तीनदा सोडली. फेब्रुवारीनंतर तिने ती खाटेखाली सरकवून दिली.

ईस्टर त्या वर्षी एप्रिलच्या अखेरीस आला. गुड फ्रायडेच्या दोन दिवस आधी निकितासने फोन केला.

"येतेस ना?"

"पिशवी भरायची आणि सोडायची, ह्याचा कंटाळा आलाय रे मला, निकिता."

"ह्या वेळी वारा नाहीये. मी अंदाज बघितलाय. शुक्रवारी आठ नॉट, शनिवारी सहा. रविवारी तर नावालासुद्धा नाही."

"तुझे अंदाज. जानेवारीतही आठच होता."

"डॉक्टरीणबाईंना विचार. त्या हो म्हणाल्या तर ये, नाही म्हणाल्या तर राहिलं."

मागे एव्दोक्सियाच्या कोंबड्यांचा आवाज येत होता.

"आई रोज विचारते," निकितास म्हणाला.

"काय विचारते?"

"सेवास्ती कुठे गेलीय म्हणते. केद्रोसला गेलीय म्हटलं की म्हणते, मग येईलच की संध्याकाळपर्यंत."

हे वाक्य त्याने मुद्दामच ठेवून दिलं होतं. त्याला माहीत होतं की ह्यापुढे तिला नाही म्हणता येणार नाही. ती म्हणाली, "विचारते बाईंना."

डॉक्टरीणबाईंनी स्वतः अंदाज पाहिला आणि परवानगी दिली.

शुक्रवारी सकाळपासून ग्लारीच्या सहाही चर्चच्या घंटा एकेक ठोका देत होत्या. समुद्र तेल ओतल्यासारखा होता. निकितासने सासूला न्हाऊ घातलं, चादर बदलली, सेवास्तीच्या पलंगावरही नवी चादर घातली. आदल्या दिवशी शेजारणीच्या मदतीने त्याने द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळून करंगळीएवढे डोलमे वळून ठेवले होते. त्यात मीठ घातलं नव्हतं, कारण तिला ते चालत नव्हतं. दुपारी तो कामावर गेला तेव्हा आगीच्या बंबाचा माणूस प्रोद्रोमोस खाली खुर्ची टाकून उन्हात बसला होता.

"आज इस्त्रीचा शर्ट," प्रोद्रोमोस म्हणाला. "दाढी पण. म्हणजे मंत्री तरी येतोय नाहीतर वहिनी तरी."

"शेळ्या हाकल आधी पट्टीवरच्या."

"हाकलल्या. तुझ्या बायकोसाठी म्हणून त्यांना सांगितलं, तर लगेच गेल्या."

दोन वाजता डोंगराच्या माथ्यावर ढगाची एक पट्टी दिसायला लागली. पांढरी, पातळ, जागेवरून न हलणारी. ग्लारीवर लहान पोरालाही ठाऊक असतं की डोंगराने टोपी घातली म्हणजे दक्षिणेचा वारा. तो डोंगरावर चढतो आणि अलीकडे पट्टीवर कोसळतो. निकितास काचेच्या खोलीत चढला. वाऱ्याचा काटा अकरावर होता. अडीच वाजता पंधरा झाला.

सव्वातीनला केद्रोसहून प्रवाशांची यादी आली. बारा नावं होती. सातवं नाव सेवास्ती व्रोंदी. अकराव्या नावापुढे लिहिलं होतं, अर्भक एक, मांडीवर. निकितासने यादी वरपासून खालपर्यंत वाचली, दोनदा वाचली आणि खिळ्याला अडकवली. पुढे त्याला जेव्हा विचारलं गेलं की तुम्ही यादी पाहिली होती का, तेव्हा तो नाही म्हणू शकला नाही, ते ह्यामुळे.

चार वाजायला दहा मिनिटं असताना केद्रोसच्या मनोऱ्यावरून फोन आला. विमान सुटायला तयार आहे, तुमच्याकडे वारा किती? काटा सव्वीसवर होता आणि मधूनच तेहेतीसला शिवून येत होता.

"बावीस," निकितास म्हणाला.

हे त्याने ठरवून केलं का? चौकशीतही त्याला असंच विचारलं गेलं. तोंडातून आकडा गेला, एवढं खरं. फोन ठेवल्यावर परत लावून दुरुस्त करता आला असता. मिनिटभर तरी वेळ होता. त्याने हात फोनवर ठेवलासुद्धा. पण त्याच्या डोळ्यांसमोर पिशवी आली, चौथ्यांदा भरलेली. आणि तो मनाशी म्हणाला की कप्तान स्ताथिस पंधरा वर्षं इथे उतरतोय, दोन झोतांच्या मधली फट त्याला बरोबर सापडते. सव्वीस काय आणि बावीस काय. समुद्रावर उन्हात विमानाचा ठिपका दिसायला लागला तेव्हा काटा एकतीसवर गेला होता.

"ग्लारी, नमस्कार. वारा सांगा," स्ताथिसचा आवाज आला.

"दक्षिण-नैर्ऋत्य, चोवीस."

"चोवीस. उतरतोय."

विमान नाकासमोर आलं, पण आलं ते तिरकं, खेकड्यासारखं. पट्टीच्या टोकावर पोचेपर्यंत बरं चाललं होतं. मग डोंगरावरून झोत खाली आला आणि कुणी वरून हात मारावा तसं ते एकदम खाली बसलं. डावं चाक टेकलं, उजवा पंख वर गेला. इंजिनं किंचाळली आणि विमान पुन्हा उचललं गेलं, गावावरून वळून समुद्रावर गेलं. खाली प्रोद्रोमोसने खुर्ची लाथेने बाजूला सारून बंब चालू केला.

"ग्लारी, वारा पुन्हा सांगा."

हीच ती वेळ होती. पहिल्या खोट्याला निदान म्हणता आलं असतं की पाहण्यात चूक झाली. निकितासने काट्याकडे पाहिलं. एकोणतीस, बत्तीस, एकोणतीस. त्याला विमानाच्या खिडक्या दिसल्या होत्या. त्यांच्यातल्या एकीतून ती आपलं घर बघत असेल, घराचं निळं दार बघत असेल. आणखी दोन मिनिटं आणि ती पायऱ्या उतरेल.

"चोवीस," तो म्हणाला. आणि मग थोडं थांबून, "पंचवीस."

दुसऱ्या वेळी विमान पट्टीपर्यंतही आलं नाही. अलीकडेच वाऱ्याने त्याला डोंगराच्या अंगाला ढकललं. उजवा पंख खाली झुकला, इतका की प्रोद्रोमोसने नंतर शपथेवर सांगितलं, पंखाच्या टोकाने खडकांमधली झुडपं हलली. निकितास उठून उभा राहिला होता. दोन-तीन क्षण विमान तसंच एका कुशीवर टांगल्यासारखं राहिलं, आणि मग हळूहळू, फार हळूहळू, सरळ झालं आणि समुद्रावर निघून गेलं.

बराच वेळ रेडिओवर खरखर होती. मग स्ताथिस बोलला. "ग्लारी, केद्रोसला परत जातोय." आणि जरा वेळाने, "तुमचा काटा नीट आहे ना?"

प्रोद्रोमोस तोवर जिना चढून दारात आला होता. त्याने काट्याकडे पाहिलं, मग निकितासकडे पाहिलं.

"काटा नीट आहे, कप्तान," निकितास म्हणाला.

"कळलं," स्ताथिस म्हणाला.

घरी आला तेव्हा सासू उशीला टेकून बसली होती. शेजारणीने तिचे केस विंचरून दिले होते.

"आज दोन विमानं आली का रे, पोरा? दोनदा गेलं घरावरून."

"हो आई. सणाची गर्दी."

"मग सेवास्ती कुठल्यात होती?"

"नाही आली. रविवारी येईल."

"पायाला काय मुंग्या आल्यात तिच्या," म्हातारी म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

संध्याकाळी गावातली माणसं फुलांनी मढवलेला ख्रिस्ताचा देव्हारा खांद्यावर घेऊन गल्लीतून फिरत होती. ती दारावरून गेली तेव्हा निकितास आत फोनपाशी होता. सातदा लावल्यावर तिने उचलला.

"लागलं का तुला कुठे?"

"मला नाही. शाळेच्या बाईंच्या डोक्यात वरची बॅग पडली. चार टाके पडलेत. स्ताथिस बिचारा उतरल्यावर पायऱ्यांवरच बसला, उठेचना."

"सेवास्ती, ऐक. वारा एकतीस होता."

"असेल. तसाच वाटत होता."

"मी चोवीस सांगितला."

तिला आधी समजलं नाही. ती म्हणाली, "म्हणजे?" आणि त्याने परत तेच सांगितलं, त्याच शब्दांत. मग तिला समजलं. तिचा श्वास ऐकू येत होता. बाहेर मिरवणूक चर्चकडे वळत होती आणि बायकांचं गाणं लांब जात होतं. तिने फोन ठेवला, आपटला नाही, नुसता ठेवला.

मंगळवारी अथेन्सहून दोन अधिकारी आले. वारा मोजणाऱ्या यंत्रात प्रत्येक मिनिटाची नोंद आपोआप राहते, त्यामुळे चौकशीला अर्धा दिवससुद्धा लागला नाही. प्रोद्रोमोसने निकितासला आदल्या दिवशी गाठून सांगितलं होतं, "काटा अडकला होता असं मी सांगतो. वर चढून मीच तो सोडवला म्हणतो. माझ्या तोंडावर कोण खोटं म्हणणार आहे?"

"यंत्र म्हणेल."

"यंत्रालाही गंज चढतो की इथे."

"नको, प्रोद्रोमे. खोटं बोलून झालंय माझं."

अधिकाऱ्यांबरोबर स्ताथिसही आला होता. इमारतीच्या आडोशाला तो सिगारेट ओढत उभा होता. निकितास त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला. क्षमा मागायची होती. पण आधी स्ताथिसच बोलला.

"मी घरी बायकोला म्हटलं, त्याने मला नुसतं सांगितलं असतं की आत सेवास्ती आहे, तर मी आणखी एकदा प्रयत्न केला असता." त्याने सिगारेट बुटाखाली विझवली. "पण ते खरं नाही. सव्वीस म्हणाला असतास तर मी निघालोच नसतो. अकरा माणसं आणखी होती, निकिता. आणि ते पोर."

"यादी बघितली होती मी."

स्ताथिसने मान हलवली आणि तो विमानाकडे गेला. निकितासचं काम त्या दिवसापासून थांबलं आणि मेच्या अखेरीस त्याला नोकरीवरून काढल्याचं पत्र आलं. त्याच्या जागी क्रीटचा एक तरुण माणूस आला. गावात कुणी त्याला तोंडावर बोललं नाही. कॉफीच्या दुकानात तो शिरला की बोलणं दुसऱ्या विषयावर जाई, एवढंच. शाळेच्या बाई रस्त्यात भेटल्या तर मान लववून जात. टाक्यांच्या जागी केस उगवले नव्हते.

सेवास्ती फोन उचलत होती, पण आईबद्दल विचारून ठेवून देत होती. जेवते का, झोपते का, पाठीला जखमा तर झाल्या नाहीत ना. त्याने तू कशी आहेस विचारलं तर म्हणे, "आहे." मे महिन्यात वारा पडला. शुक्रवारमागून शुक्रवार समुद्र शांत होता, विमान येत होतं आणि जात होतं. ती आली नाही. एव्दोक्सियाने एकदा फोन मधेच घेतला आणि दबक्या आवाजात सांगितलं, "तिला बोलू नकोस यायबद्दल, पोरा. वरून विमान गेलं तरी ती टेबलाची कड धरते."

जूनच्या मध्यात, एका बुधवारी सकाळी, काल्लिरोई गेली. दूध पाजताना तिने मान फिरवली, त्याला वाटलं नको म्हणतेय. सेवास्ती त्या वेळी यंत्रावर होती. दुपारी दोनला सुटल्यावर तिला कळलं. बुधवारी विमान नव्हतं आणि गुरुवारीही नव्हतं. बोट शनिवारी होती. जूनमधल्या उन्हात शनिवारपर्यंत थांबणं कुणालाच शक्य नव्हतं. निकितासने प्रोद्रोमोसच्या मेव्हण्याची मासेमारीची होडी विचारली. तो तयारही झाला, पण डॉक्टरीणबाई नाही म्हणाल्या, तीन तासांच्या होडीच्या हेलकाव्यात तिचा रक्तदाब टिकायचा नाही. गुरुवारी संध्याकाळी पुरलं. झाडाचं पान हलत नव्हतं. पाद्र्याच्या हातातली मेणबत्ती उघड्यावर सरळ जळत होती, आणि कबरस्तानातून केद्रोस लख्ख दिसत होतं, घरं मोजावीत इतकं.

रात्री फोनवर तिने एकच विचारलं. "माझं नाव काढलं का शेवटी?"

"शेवटी काही बोलली नाही. आदल्या दिवशी काढलं होतं."

"काय म्हणाली?"

त्याला काही बरं सांगता आलं असतं. पण आता त्याची छातीच होत नव्हती. "म्हणाली, पोरीला केद्रोसची चटक लागली वाटतं."

पलीकडे ती हसली की रडली ते त्याला कळलं नाही.

आता ग्लारीला राहायचं कारणच उरलं नव्हतं. त्याने घराला कुलूप घातलं, किल्ली शेजारणीला दिली आणि शनिवारच्या बोटीने तो निघाला. एव्दोक्सियाच्या दारात तो दोन पेट्या घेऊन उभा राहिला तेव्हा सेवास्ती अंगणात शेंगा सोलत बसली होती. काळ्या कपड्यांत ती आणखी वाळलेली दिसत होती. डाव्या दंडावर यंत्राच्या सुयांनी गाठी झाल्या होत्या. ती उठली, आत गेली आणि कॉफी करून घेऊन आली. त्याच्यासाठी एक कप. तिला पाणी मोजून प्यावं लागत असे.

"पलीकडची खोली एव्दोक्सियाने झाडून ठेवलीय," ती म्हणाली. "तिथे टाक तुझं सामान."

"बरं."

"जेवण मी करीन. दोघांचं करीन."

"मी करतो ना. आता येतं मला."

ती शेंगा सोलत राहिली. मग वर न बघता म्हणाली, "ते बाळ माझ्याकडे होतं, निकिता."

त्याला कळलं नाही.

"विमानात. त्याची आई माझ्याशेजारी होती. पहिल्या वेळी आपटलं तेव्हा तिला उलट्या व्हायला लागल्या, म्हणून मी घेतलं. दुसऱ्या वेळी खडक आला ना खिडकीत, तेव्हा ते माझ्या हातात होतं. माझ्या ह्या हातात," तिने गाठींचा हात थोडा उचलला. "धरवत नव्हतं मला. मी त्याला गुडघ्यांमध्ये आवळून धरलं. सहा महिन्यांचं होतं. हसत होतं, त्याला मजा वाटत होती."

"मला तू घरी यायला हवी होतीस," निकितास म्हणाला.

"माहितीय."

"दुसरं काही डोक्यात नव्हतं."

"तेच म्हणतेय मी. बारा जण होतो आम्ही आणि तू मला एकटीला मोजलंस." तिने शेंगांची साल मांडीवरून झटकली. "कुणी माझ्यासाठी एवढं करेल असं वाटलं नव्हतं मला. आणि आता ते मनातून जात नाही, आणि तुझ्याकडे बघवतही नाही. दोन्ही आहे. काय करायचं ते मला सुचत नाही, तर तू विचारू नकोस."

त्याने विचारलं नाही. उन्हाळा तसाच गेला. तो बंदरावर जाळी दुरुस्त करायला जाऊ लागला. सकाळी दोन तास, मिळेल तेव्हा. दोघं एका टेबलावर जेवत. ती त्याच्या ताटात वाढे, त्याचे शर्ट धुई, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते सांगे. मूत्रपिंड बदलायच्या यादीत तिचं नाव होतं, पण ऑगस्टमध्ये तपासणीत हृदय कमजोर निघालं आणि नाव यादीतून काढलं गेलं. तेही तिने जेवताना सांगितलं, मसुराची आमटी वाढता वाढता, आणि मग व्हिनेगर हवं का विचारलं.

ऑक्टोबरात केद्रोसच्या विमानतळावर एक कागद लागला. हिवाळी वेळापत्रकापासून ग्लारीचा थांबा बंद होणार होता. प्रवासी पुरेसे मिळत नव्हते. विमान ह्यापुढे सरळ क्रीटला जाणार होतं. बातमी प्रोद्रोमोसने फोनवर सांगितली. बंब कुठे नेणार, विचारलं तर म्हणाला, "शेळ्यांसाठी ठेवतायत." निकितासने ती बातमी सेवास्तीला सांगितली नाही, पण तिला ती यंत्राच्या खोलीत दुसऱ्या कुणाकडून कळलीच. तिने नुसतं विचारलं, घराच्या छपराची पन्हळी पावसाआधी कोण साफ करणार. तो म्हणाला, शेजारणीला सांगतो.

सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी तो तिला इस्पितळापर्यंत सोडायला जातो. ती भिंतीला हात लावत पुढे चालते, तो दोन पावलं मागे. फाटकाशी ती त्याच्याकडून पिशवी घेते. पिशवीत शाल, बिस्किटं आणि बदलायचे कपडे असतात. मग ती आत जाते. समोर झाऊच्या झाडाखाली एक बाक आहे. चार तास घरी जाऊन यायला पुरतात, पण तो जात नाही. बाकावर बसून राहतो. थंडीचे दिवस आले तसा एव्दोक्सियाने त्याला नवऱ्याचा जुना कोट काढून दिला आहे. ती दुपारी बाहेर येते तेव्हा तिचा चेहरा चुन्यासारखा झालेला असतो आणि बोलायचं त्राण नसतं. तो उठून हात पुढे करतो. ती हात धरत नाही, पिशवी त्याच्या हातात देते, आणि दोघं भिंतीच्या कडेने घराकडे निघतात.